मांजरीचं पारणं

"ज्यांनी खायला घातलंय ना, त्यांना सांग, आज आणूच नका म्हणावं. भूल दिल्यावर उलटी झाली की ती सरळ श्वासनळीत जाते. हातात मरते मांजर, भावेश. हातात!"

रूपलचा आवाज दुकानाच्या ओट्यावरून आला, धान्याच्या पोत्यांमधून वाट काढत मधल्या खोलीत शिरला, आणि सामायिकेच्या ध्यानात बसलेल्या बदामबाईंपर्यंत पोहोचला. समोरच्या काचेच्या घडीतली वाळू नुकती कुठे खाली यायला लागली होती. दोन घडींची, पाऊण तासाची सामायिक म्हणजे काही खेळ नाही. वरची वाळू पुरती खाली येईपर्यंत पांढऱ्या आसनावरून उठायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, घराचा-दाराचा विचारसुद्धा करायचा नाही; आणि बदामबाई तर त्यात मौनही धरायच्या. तोंडावर मुहपत्ती बांधलेली, हातात माळ. या बैठकीत त्यांनी काय काय सोसलं नव्हतं! दूध उतू गेलं होतं, मुलगा रिषभ लहानपणी झोपाळ्यावरून पडून बोंबलला होता, एकदा तर गुदामात साप निघाला नि सगळी गल्ली गोळा झाली. बदामबाई जागच्या हलल्या नाहीत. शहाद्याच्या अख्ख्या मारवाडी गल्लीत त्यांच्या सामायिकेचं नाव होतं. आणि आज सुनेच्या एका वाक्यानं त्यांच्या हातातली माळ जिथल्या तिथे थांबली. कारण समोर, गुदामाच्या दाराशी, त्यांच्याच जुन्या आमसुली लुगड्याखाली झाकलेल्या पिंजऱ्यात जी मांजर बसली होती, तिला त्यांनी तासाभरापूर्वी वाटीभर दूध पाजलं होतं. वाटी धुऊन, पुसून, पालथी घालून ठेवली होती.

दूध पाजलं ते काही चोरून नव्हे. म्हणजे रूपल अंघोळीला गेली होती हे खरं, पण ती गेली म्हणून पाजलं असं नाही. तसं म्हणायचं असेल तर म्हणा. काल चौदस होती. बदामबाईंचा उपास होता, आज पारणं. पारण्याचा पहिला घोट स्वतःच्या घशाखाली उतरण्याआधी कुणाला तरी काही द्यायचं, ही त्यांची लहानपणापासूनची रीत. साधुसाध्वी गावात असल्या तर त्यांच्या पात्रात, नसल्या तर दारातल्या भिकाऱ्याला, तोही नसला तर गाईला. आज त्या गरम दुधाची वाटी घेऊन बसल्या, आणि लुगडं जरा सरकलं होतं त्या फटीतून दोन डोळे दिसले. पिवळे, न हलणारे. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बदामबाईंना सोपं गेलं असतं. ती नुसती वाटीकडे बघत होती. काल संध्याकाळपासून उपाशी! आपण उपास केला तो आपल्या मर्जीनं, पच्चक्खाणाचा संकल्प घेऊन, हात जोडून. हिला कुणी विचारलं? आणि दुसऱ्याच्या तोंडच्या घासाला आडवं आलं की अंतरायाचं कर्म बांधलं जातं, हे तर त्यांना अक्षरओळख नव्हती तेव्हापासून ठाऊक. ते जन्मोजन्मी सुटत नाही; पुढच्या जन्मी भरलं ताट पुढ्यात असतं आणि घास घशाखाली उतरत नाही. रूपल म्हणाली होती, "काही देऊ नका हं मम्मीजी, पाणीसुद्धा नाही." पण का देऊ नका ते म्हणाली नव्हती. दवाखान्याचे नियम असतातच तसे, सोवळ्यासारखे, असं त्या समजल्या. मांजरीनं जिभेनं वाटी अशी चाटून पुसून काढली की बदामबाईंना भरून आलं. मग स्वतःचं दूध त्यांना अमृतासारखं लागलं. अगदी हलक्या होऊन त्या सामायिकेला बसल्या होत्या.

आणि आता हे.

ही मांजर इथलीच. यजमान इंदरचंद गेले त्या वर्षी हिची आई गुदामात आली, ज्वारीच्या पोत्यांमागे व्याली, आणि तेव्हापासून या घरात मांजरांचं जाणं-येणं, जन्म-मरण सुरूच होतं. बदामबाई कुणाला नाव ठेवत नसत. नाव दिलं की माया लागते, माया लागली की बंधन. पण या करड्या पट्ट्यांच्या मांजरीला त्या 'बाई' म्हणत. "बाई, सर बाजूला." "बाई, पोतं सोड." बाईला आजवर किती पिलं झाली याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. थंडीत झाली ती गारठून गेली. उन्हाळ्यात झाली ती एका काळ्या बोक्यानं भर दुपारी मारली, आणि ती मात्र बदामबाईंनी डोळ्यांनी पाहिली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बाई त्या रिकाम्या पोत्यामागे दोन दिवस घुमत राहिली, आणि महिना उलटला नाही तोच तिचं पोट पुन्हा जमिनीला टेकायला लागलं; तेही वेत टिकलं नाही. तिच्याकडे बघितलं की बदामबाईंची कंबर दुखायची. खरोखर दुखायची, काही म्हणण्यापुरती नव्हे.

रूपलनं हे काम काढलं तेव्हा घरात केवढं महाभारत झालं होतं! खेतियाची मुलगी, शिकलेली, बोलायला गोड, पण एकदा डोक्यात आलं की आलं. ती, कॉलेजातल्या एक-दोघी आणि टेम्पोवाला भावेश मिळून मोकाट मांजरी पकडायच्या, धुळ्याहून डॉक्टरीणबाई बोलवायच्या, ऑपरेशन करून डाव्या कानाचं टोक कापायचं, म्हणजे पुन्हा पकडली जायला नको, आणि जिथून आणली तिथे सोडून द्यायचं. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये आता निम्म्या मांजरी तुटक्या कानाच्या होत्या. भाजीवाली बदामबाईंना म्हणाली होती, "मावशी, तुन्ही सून मांजरीस्ना ऑपरेशन करी ऱ्हायनी म्हणे! आते माणसे सरनात का काय?" बदामबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्या कडाडल्या, "जीवदया म्हणजे खायला घालणं, बिनणी. दुसऱ्याच्या कुशीला हात लावणारे आपण कोण?" रूपल शांतपणे म्हणाली, "खायला घालणारे आपण, आणि मरताना तोंड फिरवणारेही आपणच ना, मम्मीजी?" मग दोघी कितीतरी दिवस एकमेकींशी फक्त मीठ-मिरचीपुरतं बोलत होत्या. जैन संघानं धर्मशाळेची खोली द्यायला नकार दिला, तिथे रक्त सांडायचं नाही म्हणून. तेव्हा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गुजर चुनीलालभाईंनी आपली कापसाची रिकामी वखार उघडून दिली. ती काळ्या बोक्याची दुपार आली नसती तर बदामबाई अजूनही तोंड फिरवून बसल्या असत्या. पण काल त्या स्वतः म्हणाल्या, "आपल्या बाईला ने." रूपल बघतच राहिली. इतर ठिकाणी भावेश सापळ्यात सुका बोंबील लावायचा, या घरात बोंबील कसा येणार? मग तुपाचा फुलका लावला, आणि मारवाड्याच्या गुदामात वाढलेली बाई तुपाच्या वासानं मुकाट आत शिरली. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरानं हसल्या असतील तशा. झोपायला जाताना रूपल म्हणाली, "सकाळपर्यंत हिच्याकडे तुम्हीच बघा. तुमच्यावर सोडून जाते हं."

तुमच्यावर सोडून जाते. हे शब्द बदामबाईंनी अंथरुणात कितीदा तरी घोळवले होते.

वाळू पडत होती. माळेचा एक मणी पुढे सरकेना. बदामबाईंनी डोळे मिटले, तर डोळ्यांपुढे अंधार येण्याऐवजी शाळेचा एक लांबच लांब वर्ग आला. बाकं काढून टाकलेली, फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेला पाढा, आणि खाली सतरंजीवर ओळीनं बायका. कुटुंबनियोजनाचं शिबिर. रिषभ झाला, त्याच्या पाठीवर एक गेलं, त्याच्या पाठीवर मुलगी, आणि सासूनं नि इंदरचंदांनी मिळून ठरवलं की आता पुरे. बदामबाईंना सकाळी सांगितलं, "चहा घेऊ नको, आपल्याला जायचंय." कुठे ते रिक्षात बसल्यावर कळलं. त्या दिवशी त्यांना जी भूक लागली तशी पुढे अठाईच्या आठ उपासांतही लागली नाही. उपासाची भूक दुपारनंतर निवते, आपली होते. ही निवेना. छातीत दूध दाटून आलेलं, तान्ही घरी, दिवस वर चढतोय आणि नाव काही पुकारत नाहीत. शेजारी तोरणमाळच्या बाजूची एक बाई होती, फुलीबाई. नाव पुकारलं तेव्हा कळलं. तिची बोली यांना कळेना, यांची तिला. बदामबाई भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होत्या, तेव्हा तिनं यांचा खांदा हलवला. आधी स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग यांच्या पोटावर ठेवला, आणि मान डोलावून हसली. तुलाही, मलाही. बस, एवढंच. हात मात्र कितीतरी वेळ तिथेच राहू दिला. खरखरीत, उबदार हात. त्या हाताखाली भूक तशीच होती, पण तिचं टोक मोडलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी देवापुढेसुद्धा कधी नीट बोलून दाखवली नव्हती. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि एके दुपारी त्या झोपल्या त्या दिवेलागणीपर्यंत उठल्याच नाहीत. लग्न झाल्यापासून तशी झोप लागली नव्हती. जागी झाल्यावर त्यांना कळलं की आपल्याला आनंद झालाय. भरभरून, लाज वाटावी इतका आनंद. आता पोटात काही येणार नाही, आता काही मरणार नाही. आणि त्या आनंदाच्या तळाशी एक बारीक खडा होता, तो तेवढा आजही टोचत होता: मला विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते की. विचारायचं तरी! बाईला तुपाचा फुलका दाखवून आत घेतली तेव्हा आपण हसलो, हे आठवून बदामबाईंना मुहपत्तीच्या आत कोंडल्यासारखं झालं.

पावलं वाजली. रूपल आली. ती चपला बाहेर काढून, पदर सावरून, चवड्यांवर चालत आली, सासूच्या सामायिकेला धक्का लागू नये म्हणून. या मुलीनं धर्माचं बाकी काही पाळलं नसेल, पण हे आल्या दिवसापासून पाळलं होतं. तिनं आधी बदामबाईंना लांबूनच हात जोडले. मग पिंजऱ्याशी बसली, लुगड्याची फट बुजवली आणि कुजबुजली, "चल गं बाई. एकदाच. मग सुटलीस." बदामबाईंचे डोळे केवढाले झाले होते, त्यांना वाटलं, ही आता बघेल आणि समजेल. रूपलनं बघितलं. ती मंद हसली. सासूबाई ध्यानात किती खोल गेल्यात, असंच तिला वाटलं असणार. पिंजरा उचलून ती आली तशीच चवड्यांवर निघून गेली.

एक शब्द. 'थांब' एवढा एक शब्द. तो जिभेवर येऊन मुहपत्तीला टेकला आणि परत गेला. आणि आता खोटं कशाला बोला, व्रत हे निमित्त होतं. जीव वाचवायला सामायिक मोडली म्हणून कुठल्याही महाराजसाहेबांनी बदामबाईंना फासावर दिलं नसतं. आलोयणा घेऊन, प्रायश्चित्त करून भागलं असतं. भीती सुनेची होती. कालच्या त्या हसण्याची होती. 'तुमच्यावर सोडून जाते' असं म्हणणारं माणूस या वयात आता दुसरं कोण होतं त्यांना? सांगितलं की रूपलचा चेहरा असा बंद होणार, दुकानाचं शटर पडावं तसा, आणि मग पुन्हा मीठ-मिरची. मन काय काय बोलायला लागलं! वाटीभर तर दूध, एव्हाना जिरलंही असेल. मांजरीचं पोट ते, माणसाचं थोडंच आहे. रांगेत हिचा नंबर शेवटी असेल. आणि नाहीच जिरलं तर डॉक्टरीणबाई कशाला आहेत? बाहेर भावेशचा टेम्पो घरघरला, अडला, पुन्हा घरघरला आणि गल्लीतून निघाला. आवाज लांब गेला तशी खोली मोठी मोठी होत गेली. घडीत वाळू अजून निम्मी वर होती. काचेच्या बारीक गळ्यातून ती एवढी शांत पडत होती की बदामबाईंना वाटलं, हिला कुणाच्या जगण्या-मरण्याचं काही नाही. दोन घडी भरल्या की ही थांबणार, आणि लोक म्हणणार, काय ही श्राविका, बघा, हलली नाही.

जिथे पिंजरा होता तिथे फरशीवर दुधाचा एक थेंब सांडलेला होता. धुताना नजरेतून सुटलेला. बदामबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्या उठल्या.

उठल्या म्हणजे गुडघ्यांनी बोंब मारली, आसनात पाय अडकला, भिंत धरावी लागली. दुकानात रिषभ गिऱ्हाइकाला तूरडाळ देत होता, तो मापटं हातात धरून तसाच उभा राहिला. आईला सामायिकेतून उठताना त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. "आई? काय झालं?" बदामबाई ओटा उतरल्या. चपला घालायच्या राहिल्या, मुहपत्ती सोडायची राहिली. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं, पण डांबर तापायला लागलं होतं. गल्ली त्यांना लांबच लांब वाटली, त्या शाळेच्या वर्गासारखी, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायका बसलेल्या. कुणी सूप थांबवलं, कुणी पोरीला वेणी घालता घालता थांबली. चुनीलालभाईंच्या दारातून प्रमिलाबाई ओरडल्या, "ओ बदामभाभी! कोठे चालनात? दीक्षा लिधी का काय?" पांढरं लुगडं, अनवाणी पाय, तोंडाला पट्टी, त्या बिचारीला तसं वाटलं तर तिचं काय चुकलं? बदामबाईंना बोलता येत होतं, आता कसलं मौन उरलं होतं, पण दम नव्हता. त्यांनी हातानंच वखारीकडे दाखवलं. प्रमिलाबाई घाबरून मागोमाग निघाल्या, "काय व्हयनं वं माय, काय व्हयनं?"

वखारीत जुन्या कापसाचा वास होता आणि वर डेटॉलचा. भिंतीशी पिंजरे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर कुणाचं तरी जुनं लुगडं, चादर, टॉवेल. एकाखाली कुणी हलत होतं, एकाखालून बारीक आवाज. बायकांची ओळ, बदामबाईंच्या मनात आलं. आमसुली लुगडं ओळीत नव्हतं. ते टेबलाच्या पायाशी पडलं होतं. टेबलावर पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात बाई दाबून धरलेली, डॉक्टरीणबाईंच्या हातात सुई, आणि रूपल जाळीतून बोटानं बाईचं कपाळ चोळत होती.

"थांबा!" मुहपत्तीतून आलेला तो आवाज बदामबाईंना स्वतःचाच वाटला नाही. "सुई नको. तिचं पारणं झालंय."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. "काय झालंय?"

रूपलला कळलं. तिचा हात जाळीवर तसाच राहिला. तिनं सासूच्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग तोंडावरच्या मुहपत्तीकडे. "किती दिलं?" 

"वाटीभर. माझ्या आधी."

"मी सांगितलं होतं ना?" रूपल ओरडली. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा ओरडली, आणि तेही चारचौघांत. "मेली असती ती! आत्ता, या टेबलावर, माझ्या हाताखाली मेली असती मम्मीजी!" ती रडायलाच लागली. प्रमिलाबाईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या, जाऊ द्या, उद्या आहे मी इथे, उद्या करू; पण हिला आज संध्याकाळी थोडं खायला घाला आणि मग सकाळपर्यंत काही नाही. आणि कुणीतरी भरवशाचं माणूस ठेवा हो जवळ.

भरवशाचं. बदामबाईंनी मुहपत्ती सोडली. "माझ्याकडे राहू द्या," त्या म्हणाल्या. मग त्या रूपलकडे वळल्या. "बिनणी, चुकलं माझं. मला तिची भूक बघवली नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं ना. मलाही नव्हतं विचारलं, तेव्हा. शिबिरात." एवढंच बोलल्या, आणि तेवढंच चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलल्या. रूपल डोळे पुसता पुसता थांबली. "पण आता बघवेल. तिचं जेवण झालं की मी पच्चक्खाण घेते. ती उपाशी तोवर मी उपाशी. पाण्याचा थेंब नाही घेणार. तिला एकटीला नाही ठेवणार."

"काल तर उपास झालाय तुमचा," रूपल म्हणाली. आवाज अजून फाटलेलाच होता.

"तो माझा होता."

रूपलनं खाली पडलेलं आमसुली लुगडं उचललं, झटकलं आणि पिंजऱ्यावर घातलं. भावेशला म्हणाली, "हिला घरी सोड. मम्मीजींनाही बसा म्हणावं पुढे, पाय भाजलेत त्यांचे." आणि दुसऱ्या पिंजऱ्याकडे वळली. बदामबाई टेम्पोत चढल्या, पिंजरा मांडीवर घेतला, आणि भावेशनं चावी फिरवली तेव्हा रूपल वखारीच्या दारात आली. तिचा चेहरा काही उघडला नव्हता. पण ती म्हणाली, "तुमच्यावर सोडतेय हं."

घरी मधल्या खोलीत आसन तसंच चुरगळून पडलं होतं. वरची वाळू कधीचीच खाली येऊन थांबली होती, बघायला कुणी नसताना. संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आधी, बदामबाईंनी बाईला दूध-फुलका घातला, स्वतः चार घास खाल्ले, हात जोडून पच्चक्खाण घेतलं. फरशीवरचा तो थेंब पुसला. मग लुगड्याची फट थोडी मोठी केली, जाळीला तळहात टेकवून ठेवला आणि हळूच विचारलं, "बाई, उद्या चालेल ना?" बाईनं पिवळे डोळे एकदा मिटले, उघडले, त्याचा अर्थ कुणी काय लावायचा. पण ती कोपरा सोडून पुढे आली आणि त्या हाताशी, जाळीच्या पलीकडून, अंग टेकून बसली. बदामबाईंनी दुसऱ्या हातानं वाळूची घडी उलटी केली आणि दोघींना दिसेल अशी ठेवली.